दृष्टिबाधित मुलांची नोकरीची तयारी नववीपासून: ठाणे, नवी मुंबईच्या पालकांसाठी

पदवीचा शेवटचा पेपर झाला की पालक विचारू लागतात, "आता याला कुठे चिकटवता येईल?" तोवर मुलगा एकविशीत आलेला असतो, गुणपत्रिकाही बरी असते. पण ठाणे स्टेशनला तो एकटा कधी गेलेला नसतो, स्वतःच्या खात्यातून त्याने कधी पैसे काढलेले नसतात आणि दोन ओळींचा ईमेल पाठवायला त्याला घरातलं कुणीतरी लागतं. अशा वेळी मुलाखतीचा सराव घेऊन फारसं काही हाती लागत नाही. काठी, कीबोर्ड आणि स्वतःचे पैसे या तीन गोष्टी नववी-दहावीत हातात आल्या, तर पुढची नोकरीची बोलणी खूप सोपी होतात.

काय दिसतं, ते लिहून काढा

प्रमाणपत्रावरची टक्केवारी सवलतींसाठी असते. मुलाला प्रत्यक्षात काय दिसतं, हे त्यावरून कळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६०पेक्षा (निरोगी नजरेला ६० मीटरवरून दिसतं, ते ३ मीटरवरून दिसणं) कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. त्याहून बरी, पण ६/१८च्या पुढे न जाणारी नजर म्हणजे अल्पदृष्टी. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कितीतरी प्रकारची मुलं येतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार असलेल्या मुलाला समोरचा बारीक मजकूर वाचता येतो, पण बाजूचं दिसत नाही आणि दिवेलागणीनंतर तो पायरी चुकतो. स्टारगार्ट हा दृष्टिपटलाचा दुसरा आजार असलेली मुलगी रस्त्यावर झपझप चालते, पण तिला समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. दोघांनाही "मघाशी तर दिसत होतं" असं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून एका वहीत नोंद ठेवा: किती मोठं अक्षर, किती अंतरावरून, प्रकाश कोणत्या बाजूने असताना आणि किती वेळ वाचता येतं. १५-२० मिनिटांत डोळे दुखू लागत असतील किंवा ओळी सुटत असतील, तर नजर शिल्लक असली तरी ऐकून वाचायची सवय आत्ताच लावा. नजर हळूहळू कमी होणारा आजार असेल, तर थोडं दिसत असतानाच काठी आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकवा. नजर गेल्यावर शिकायला वेळ जास्त लागतो आणि तेव्हा मन थाऱ्यावर नसतं.

ब्रेलचा काळ संपला असं अनेक जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. जो मुलगा फक्त ऐकून शिकला, त्याचं ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग कच्चं राहतं आणि ते पहिल्याच ऑफिस ईमेलमध्ये उघडं पडतं.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी अर्जात निवडलेल्या रुग्णालयात होते. ठाणेकरांसाठी जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांसाठी वाशीचं महापालिका रुग्णालय. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार, दहावीची गुणपत्रिका आणि अर्ज यांत नाव वेगवेगळं असणं. ते आधी एकसारखं करून घ्या. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड मिळतं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, हे हातात पडल्यावर लगेच बघा, कारण मुदत नेमकी भरतीच्या वेळी संपलेली सापडते. रेल्वेची भाडेसवलत फक्त पूर्ण अंध व्यक्तींना आहे, अल्पदृष्टी असलेल्यांना नाही. पास काढायला जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

बँक खातं मुलाच्या एकट्याच्या नावावर उघडा. शाखेत कुणी संयुक्त खात्याचा आग्रह धरला किंवा चेकबुक, एटीएम कार्ड द्यायला नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या २००८च्या परिपत्रकाकडे बोट दाखवा. दृष्टिबाधित ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर या सगळ्या सोयी भेदभाव न करता द्यायच्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सहीसाठी जाड पुठ्ठ्यात साधारण ८ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच खाच कापा आणि तिच्या आत रोज सही गिरवून घ्या. सही आटोपशीर ठेवा. लांबलचक सही दर वेळी वेगळी येते आणि मग जुळत नाही म्हणून परत येते.

काठी आणि लोकल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पांढरी काठी जमिनीवर उभी धरल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. भरभर चालणाऱ्याला थोडी जास्त लांब लागते. आजोबांच्या काठीसारखी आखूड काठी घेतली की खड्डा कळतो तेव्हा पाय त्यात पडलेला असतो. मूठ पोटासमोर, शरीराच्या मध्यावर धरायची आणि टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त डावी-उजवीकडे फिरवायचं. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे असतं आणि डावा पडतो तेव्हा उजवीकडे. हा ताल चुकला की ज्या जागी पुढचं पाऊल पडणार ती तपासलेलीच नसते. गर्दीत काठी पेनासारखी उभी धरून जवळ घ्यायची. शिकवायला मोबिलिटीचं (काठीने एकट्याने फिरायला शिकवण्याचं) प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीच हवी. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे आणि मुंबईत नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेची कामं चालतात, तिथे चौकशी करा.

काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही. टेम्पोचा उघडा फाळका, दुकानाची ताडपत्री, एसीचं बाहेरचं यंत्र यांच्यासाठी अनोळखी जागी दुसरा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा धरायची सवय लावा. पावसाळ्यात वेगळीच पंचाईत होते. छत्रीवरच्या थेंबांच्या आवाजात रिक्षाचा आवाज बुडतो आणि एक हात अडकतो तो वेगळाच. रेनकोट घाला, डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी घाला आणि कान उघडे ठेवा.

लोकलचा पहिला सराव ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरवर करावा, असं आम्ही सुचवतो. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे ती फलाटावर थांबलेली असताना दार, पायरी, दांडा, आसन हे सगळं हाताने बघून घेता येतं. शिवाय ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही ऑफिसांची स्टेशनं याच मार्गावर आहेत. सराव दुपारी १२ ते ३च्या दरम्यान करा. घोषणेवर विसंबू नका, ती कधी मागेपुढे होते, कधी नसतेच. मुलाला स्टेशनं मोजता आली पाहिजेत: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. दिघा गाव २०२४मध्ये सुरू झालं, म्हणून आधी मोजणी पाठ केलेल्यांनी त्यात एक वाढवावं. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. पनवेलची गाडी सानपाड्याऐवजी जुईनगर, नेरूळकडे जाते. वाशीला जायचं असेल तर चढण्याआधी गाडी कुठली हे विचारलंच पाहिजे.

फलाटावर कडेला समांतर चालणं धोक्याचं. खांब किंवा भिंतीजवळ थांबायचं आणि गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच काठीने डबा शोधायचा. दोन डब्यांमधली फट दारासारखीच लागते, इथेच मोठे अपघात होतात. काठी आत घालून खाली डब्याची जमीन लागली, तरच पाय टाकायचा. उतरतानाही आधी काठी, फलाट लागला की मग पाऊल. दिव्यांग डब्याच्या जागेसाठी अनेक फलाटांवर बीप आवाज करणारे बीपर आहेत. ते बंद असले तर जागा कळावी म्हणून जिन्यापासूनची पावलं किंवा पाण्याचा नळ, स्टॉल अशी खूण पक्की करून ठेवा.

प्रत्येक मार्ग तीन टप्प्यांत सोडा. आधी प्रशिक्षकाबरोबर. मग घरचं माणूस दहा पावलं मागे, तोंड बंद ठेवून. मग एकटा. दुसऱ्या टप्प्यात आई-बाबांना गप्प राहणं जड जातं. "डावीकडे, डावीकडे" असं मागून ओरडलं की मुलगा काठीचं ऐकायचं सोडून तुमचं ऐकतो. कुणी मदत करायला आलं तर हात खेचू न देता "मी तुमचा कोपर धरतो" असं मुलाने स्वतः सांगायचं आणि अर्धं पाऊल मागे राहून चालायचं. शेवटच्या टप्प्यासाठी शेअर रिक्षा लागेल. उतरताना "ऑफिसचं गेट याच बाजूला आहे की रस्ता ओलांडायचाय?" हा प्रश्न पाठच करून घ्या.

कीबोर्ड

विंडोज लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. माउस काढून ठेवा. एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांवर तर्जनी ठेवून दहा बोटांनी टायपिंग शिकवा आणि मिनिटाला ३० शब्दांच्या आत नोकरीसाठी अर्ज करायची घाई करू नका. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी शिकवा. जुन्या कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून वाचतो. त्यात मुलाची काही चूक नसते, फाइल युनिकोडमध्ये मागवावी लागते. स्कॅन केलेल्या पीडीएफवर तो गप्प बसतो. तेव्हा पान पडद्यावर उघडून एनव्हीडीएची कळ (साधारणपणे इन्सर्ट) आणि आर दाबला की दिसणारा मजकूर ओळखून वाचला जातो. वेबपानावर एच दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येतं आणि एनव्हीडीए कळ व एफ७ने सगळ्या लिंकची यादी मिळते. हे न शिकवल्यास मुलं आख्खं पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसतात आणि "याला वेळ लागतो" असा शिक्का बसतो. बोलण्याचा वेगही दर आठवड्याला थोडा वाढवत न्या. एक्सेल सोडू नका, बॅक ऑफिसची बरीच कामं त्यातच चालतात.

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा त्यातलाच स्क्रीन रीडर सुरू करा. यूपीआय वापरताना कानात इअरफोन हवाच, नाहीतर रक्कम आणि शिल्लक शेजाऱ्यालाही ऐकू जाते. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप इंटरनेटशिवाय चालतं. नुसत्या स्पर्शावर भिस्त ठेवणं कठीण, कारण नव्या १००, २०० आणि ५००च्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर सारखीच आहे आणि लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. कडेच्या उंच रेघा जुन्या नोटेवर झिजतात. घरीच ओळखून घड्या ठरवा: १००ची सरळ, २००ची मधोमध, ५००ची लांबीतून.

घरात चहा, वरण-भात, कपडे धुणं, इस्त्री एवढं तरी आलं पाहिजे. गॅसच्या बटणावर मंद आचेच्या जागी एम-सीलचा ठिपका द्या. भांडं आधी शेगडीवर मध्यभागी ठेवायचं आणि मगच गॅस पेटवायचा. सैल बाह्यांचे कपडे स्वयंपाकघरात नकोत.

परीक्षा, मुलाखत, पहिला पगार

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांची. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिक कोणी आणायचा आणि त्याचं शिक्षण किती असावं, हे त्या-त्या भरतीच्या जाहिरातीत वाचा, कारण नियम बदलत असतात. लेखनिकाबरोबर आधी किमान चार-पाच सराव पेपर सोडवा. गणिताची आकडेमोड तोंडी सांगणं हे वेगळं कसब आहे.

खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही. तिथे मुलाखतीची तारीख ठरतानाच दृष्टिबाधित असल्याचं सांगावं, असं आमचं मत. दारात काठी बघून गोंधळलेला माणूस नीट मुलाखत घेऊ शकत नाही. स्वतःचा लॅपटॉप न्या आणि दोन मिनिटांत एक तक्ता उघडून, बेरीज करून, ईमेल करून दाखवा. "तू कामं कशी करशील?" हा प्रश्न मग पडतच नाही. रुजू होण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: ऑफिसच्या संगणकावर एनव्हीडीए टाकायची परवानगी आणि कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर चालतं का, याची चाचणी. पेनड्राइव्हवरून चालवू म्हणाल, तर अनेक ऑफिसांत यूएसबी बंद असतो. आयटी विभागाच्या परवानगीची वाट बघत पहिले तीन आठवडे नुसतं बसून काढलेला मुलगा "कामाचा नाही" ठरतो, हे नेहमीचं चित्र आहे.

पहिल्या आठवड्यात टेबल, स्वच्छतागृह, कँटीन आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना या चार वाटा काठीने पक्क्या करून घ्या. महाराष्ट्रात अंध व्यक्तींना व्यवसाय कर माफ आहे. प्रमाणपत्राची प्रत पगाराच्या विभागात दिली नाही, तर तो दरमहा कापला जात राहतो. रजा, उशीर, तक्रार यांसाठी फोन मुलानेच करायचा, तुम्ही नाही. आणि एटीएमचा पिन त्याच्याकडेच राहू द्या.