सोलायचं काय, त्यावर क्रियापद ठरतं

भुट्ट्याचा कीस कसा करायचा हे परदेशातल्या सुनेला इंग्रजीत लिहून पाठवायचं म्हटलं, की पहिल्याच ओळीला गाडी अडते. 'कणसं सोलून घ्या' याला काय लिहायचं? मराठीत एकटं 'सोलणे' लसूण, मटार, नारळ, बकरा अशा सगळ्यांना पुरून उरतं. इंदुरात फार तर त्याच्या जागी 'छिलून घे' येतं. इंग्रजीत मात्र निघतंय काय आणि हात करतोय काय, या दोन गोष्टींवर क्रियापद बदलतं.

कणसाची पानं काढणं म्हणजे हस्क. अमेरिकेत त्यालाच शक म्हणतात, आणि तिथे कालवांची शिंपली उघडण्यालाही हाच शब्द आहे. तेव्हा पहिली ओळ अशी: 'हस्क फोर इअर्स ऑफ कॉर्न अँड रिमूव्ह द सिल्क.' कणसाच्या केसांना सिल्क म्हणायचं, हेअर नव्हे. इथे 'शेल द कॉर्न' लिहिलंत तर घोटाळा होईल. मक्याच्या बाबतीत शेल म्हणजे कणसापासून दाणे सुटे करणं, तेही बहुधा वाळलेल्या. सून दाणे काढून बसेल आणि किसायला हातात नुसतं बुरकुंड उरेल.

मटार, हरभरा, भुईमूग, अक्रोड, उकडलेलं अंडं, कोळंबी या सगळ्यांना मात्र शेल चालतं. आत खायचा ऐवज आणि बाहेर फोडून टाकायचं कवच किंवा शेंग, अशी जोडी असली की शेल. हिवाळ्यात बाजारात येणारे हिरवे छोड, म्हणजे आपले सोलाणे, हेही शेल करायचे. सोलाण्यांच्या मराठी नावातच सोलणं आहे, म्हणून पील लिहायचा मोह होतो, तो आवरा.

नारळ हा या विषयातला उत्तम धडा आहे, कारण एकाच फळाला तीन क्रियापदं लागतात. वरचा काथ्या काढला तर हस्क. करवंटी फोडली तर क्रॅक. खोबऱ्याच्या पाठीची तपकिरी साल सुरीने तासली तर पेअर. बर्फीची कृती लिहिताना ही तिसरी पायरी गाळू नका, नाहीतर बर्फी मळकट दिसते.

पील आणि पेअर यांत फरक हत्याराचा. केळं, संत्रं हाताने सोललं काय किंवा बटाटा पीलरने सोलला काय, पील चालतं. पेअरला सुरीच हवी, आणि साल पातळ निघायला हवी. त्याचं स्पेलिंग पी-ए-आर-ई. नाशपाती आणि जोडी यांचाही उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, आणि मोबाइल हटकून चुकीचं पुढे करतो. गराडू या कंदाला पील लिहा आणि जोडीला 'ऑइल युअर हँड्स फर्स्ट' ही सूचना द्या, कारण त्याच्या चिकाने हात खाजतात. लिंबाची किंवा संत्र्याची फक्त वरची रंगीत साल किसून घ्यायची असेल तर झेस्ट. खालचा पांढरा थर कडू असतो, तो घ्यायचा नाही.

हल दोन ठिकाणी लागतं. तीळ, तांदूळ, जव यांचं तूस काढणं एक, आणि स्ट्रॉबेरीचा हिरवा देठ टोपीसकट काढणं दुसरं. तांदळाचं तूस गेल्यावर कोंडा काढायचा तो हलमध्ये येत नाही, त्याला मिल किंवा पॉलिश.

सर्वांत जास्त चुका होतात त्या उपसर्गामुळे. साल काढायची म्हणून 'अनपील' किंवा 'डीपील' लिहिलं जातं. गरज नसते, काढण्याचा अर्थ क्रियापदातच आहे. दुकानाच्या पाकिटावरचे 'शेल्ड पीनट्स' म्हणजे टरफलं काढलेले दाणे. टरफलांसकट शेंगा हव्या असतील तर 'इन द शेल' पाहा. 'बोन्ड चिकन'मध्ये हाडं नसतात आणि 'पिटेड डेट्स'मध्ये बिया नसतात. सीड तर दोन्हीकडून वाजतं: शेतात सीड म्हणजे पेरणं, स्वयंपाकात 'सीड द चिलीज' म्हणजे मिरचीतलं बी काढणं.

पानांकडे या. कढीपत्त्याची काडी शेंड्याकडून धरून दोन बोटांनी खालपर्यंत ओरपली की स्ट्रिप. मेथी निवडताना एकेक पान खुडतो, तिथे पिक. चहाच्या मळ्यात पानं खुडणं आणि कोंबडीची पिसं उपटणं, दोन्हींना प्लक. डीफोलिएट हा शब्द जुडीला लावू नका. झाडं किंवा रानच्या रान निष्पर्ण करणं असा त्याचा अर्थ. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ दरम्यान एजंट ऑरेंजसारखी तणनाशकं फवारली, ती याच कामासाठी.

ब्लांचचा मूळ अर्थ पांढरं करणं. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार पाण्यात टाकले की चिमटीत साल निसटते, म्हणून 'ब्लांच्ड आमंड्स' म्हणजे सोललेले बदाम. बदाम जास्त वेळ ठेवले तर मऊ पडतात. पालकही ब्लांच करतात, पण त्याचं काहीच सोललं जात नाही, हे वाचणाऱ्याला माहीत असतं. टोमॅटोला बुडाशी फुलीची चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, मग साल काढायची. त्या साल काढण्याला पील किंवा स्किन, दोन्ही चालतं.

मासा आणि बकरा यांना स्किन. माशाचे खवले काढायचे असतील तर स्केल. फ्ले म्हणजे कातडी सोलवटणं. तो क्रूर शब्द आहे, पाककृतीत शोभत नाही. पडून गुडघ्याची सालटं निघाली तर 'स्किन्ड माय नी'. भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले तर पील, आणि तेव्हा कर्ता रंगच असतो: 'द पेंट इज पीलिंग.'