एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नव्याने आलेल्यांसाठी: राजकारण, मतदान आणि नोकरीतले हक्क

नुकत्याच अमेरिकेत आलेल्या मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलो की एक दृश्य हमखास दिसते. राष्ट्राध्यक्षांनी काय करायला हवे होते, यावर ताक-भात होईपर्यंत तावातावाने चर्चा चालते. मात्र कंपनीने पगार का अडवला हे विचारण्याची वेळ आली की तीच माणसे आवाज खाली आणतात. माझ्या मते हे नेमके उलटे व्हायला हवे. येथील राजकारणात आपल्याला मत नाही आणि तिथे केलेली एक चुकीची सही फार महागात पडते. नोकरीतले बरेचसे हक्क मात्र नागरिकत्वावर अवलंबून नाहीत.

मतदानाचा धोका आधी सांगतो, कारण तो पहिल्या काही आठवड्यांतच, ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर, समोर येतो. १९९३ च्या संघीय कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीचीही विचारणा होते. खिडकीमागचा कर्मचारी पत्ता हाच का, अवयवदान करणार का, मतदार म्हणून नाव नोंदवायचे का, हे सगळे एका दमात विचारतो, आणि त्या उच्चारांना कान सरावलेले नसलेला माणूस मान डोलावून मोकळा होतो. आपण अमेरिकेचे नागरिक आहोत अशा चौकटीत खूण करून सही केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. १९९६ च्या कायद्यापासून असा दावा देशाबाहेर काढण्याचे कारण मानला जातो आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळीही तो आडवा येतो. म्हणून ‘नाही, मी नागरिक नाही’ असे स्पष्ट सांगावे आणि सही करण्यापूर्वी मजकूर सावकाश वाचावा. मागची रांग खोळंबली तर खोळंबू द्यावी. किराणा दुकानाच्या दारात कागद लावलेले पॅड घेऊन उभे असणारे लोक एखाद्या प्रस्तावासाठी सह्या मागतात, त्या सह्याही बहुधा नोंदणीकृत मतदारांच्याच लागतात, तेव्हा हसून पुढे जावे. उमेदवाराला किंवा पक्षाला देणगी देणे व्हिसाधारकाला कायद्याने मना आहे. ग्रीन कार्डधारकाला ती देता येते, मतदान मात्र त्यालाही संघीय निवडणुकीत करता येत नाही.

राजकारणावर बोलायला अर्थातच कुणाची आडकाठी नाही, पण ऑफिसात बोलताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे सरकारपासूनचे संरक्षण आहे, खासगी मालकापासूनचे नव्हे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत कर्मचाऱ्याच्या राजकीय कार्याला वेगळे संरक्षण आहे, पण ते सर्वत्र गृहीत धरू नये. माँटाना वगळता सर्व राज्यांत नोकरीचा मूळ नियम असा आहे की मालक कारण न देता कामावरून कमी करू शकतो आणि आपणही तसेच सोडू शकतो. भारतातल्या तीन महिन्यांच्या नोटिशीची सवय झालेल्यांना हे प्रथम अविश्वसनीय वाटते. येथील दोन आठवड्यांची नोटीस ही निव्वळ रीत आहे.

आता हक्कांकडे वळतो, कारण माझे स्वतःचे नुकसान तेथे झाले. २००३ साली मी एका सल्लागार कंपनीमार्फत न्यू जर्सीत आलो, तेव्हा आम्हा सहा जणांना एका फ्लॅटमध्ये ठेवले होते आणि ‘प्रोजेक्ट मिळाला की पगार सुरू होईल’ असे सांगण्यात आले होते. सकाळी बायोडाटा सुधारायचा, दुपारी फोनवर मुलाखत द्यायची आणि रात्री कुकरला खिचडी लावायची, अशी जवळजवळ अडीच महिने बिनपगारी बैठक झाली. काम नसतानाही ठरलेला पगार देणे मालकावर बंधनकारक आहे आणि एच-१बीवर देशात दाखल झाल्यापासून फार तर ३० दिवसांत तो सुरू झालाच पाहिजे, हे मला पुढे कधीतरी समजले. श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार करण्याची मुदत १२ महिन्यांची असते. माझी तोवर उलटून गेली होती.

म्हणून रुजू होतानाच मालकाने श्रम खात्याकडे भरलेल्या लेबर कंडिशन अॅप्लिकेशनची, म्हणजे एलसीएची, प्रत मागून घ्यावी. ती देणे मालकाचे कर्तव्य आहे आणि आपल्या पदाचा पगार व कामाचे ठिकाण त्यात लिहिलेले असते. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड वसूल करता येत नाही. प्रत्यक्ष नुकसानीची वाजवी भरपाई ही वेगळी गोष्ट आहे, त्यामुळे ‘बॉण्ड’ नावाचा कागद पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. मालकाने मुदतीपूर्वी काढून टाकले तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च त्याच्याकडे लागतो. नोकरी गेल्यावर देशात राहायला साधारणपणे ६० दिवस मिळतात, पण आय-९४ या प्रवेश-नोंदीवरील मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच खरी. त्या अवधीत नव्या मालकाने अर्ज दाखल केला की त्याच्याकडे काम सुरू करता येते.

पगाराविषयी सहकाऱ्यांशी बोलू नका, असे मनुष्यबळ विभागाने सांगितले तरी १९३५ च्या कायद्यानुसार खासगी क्षेत्रातील बहुतेक बिगर-पर्यवेक्षकीय कर्मचाऱ्यांना तसे बोलण्याचा हक्क आहे. वंश, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९६४ चा कायदा १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो. जातीचा उल्लेख त्यात नाही. सिएटल शहराने २०२३ मध्ये तो आपल्या नियमांत आणला, तर कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारले. आपल्या मंडळींत हा विषय निघाला की बरेच जण पाण्याचा ग्लास उचलतात, हे मला पटत नाही. जेवताना विचारलेला ‘तुम्ही मूळचे कुठले, आडनाव काय’ हा प्रश्न प्रत्येकाला सारखाच निरुपद्रवी वाटतो असे नाही.

मत नसले तरी गावच्या कारभारात कान घालता येतो. शाळा मंडळाच्या आणि नगर परिषदेच्या बैठका खुल्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी नागरिक नसलेल्या रहिवाशालाही दोन-तीन मिनिटे बोलू देतात. माझ्या मुलीच्या शाळेची बस बंद होणार होती, तेव्हा तिथे अडखळत बोललो होतो.

भारतातले मत मात्र भारतीय पासपोर्ट आहे तोवर आपलेच आहे. ६-ए हा अर्ज भरून नाव नोंदवता येते, पण मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. मे महिन्यातल्या तिकिटाचे भाव पाहून मी हा बेत दोनदा रद्द केला. तिसऱ्यांदा, वडिलांच्या आजारपणामुळे योगायोगाने तिथे होतो, म्हणून बोटाला शाई लागली.