घरातल्या मारहाणीविरुद्ध संरक्षण आदेश कसा मिळवावा: सीमाभागातल्या बायकांसाठी

मुलांना घेऊन माहेरी आलेल्या बाईपुढे आपल्या भागात पहिला प्रश्न उभा राहतो तो हद्दीचा. सासर निपाणीत, माहेर गडहिंग्लजला. किंवा सासर चंदगडला आणि माहेर खानापुरात. मग अर्ज कुठे करायचा? आता तुम्ही जिथे राहता, तिथेच. माहेरी तात्पुरत्या आला असाल तरी तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो आणि त्यांचा आदेश देशभर लागू होतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 27 हेच सांगतं. ‘तुमची केस तिकडची’ असं कुणी म्हणालं, तर परत फिरू नका, हे कलम दाखवा.

जीवावर बेतलं असेल तर कागदांचा विचार नंतर. आधी 112 ला फोन करा. महिलांसाठी 181 आहे, मुलांसाठी 1098.

लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे ‘जिन्यावरून पडले’ म्हणू नका. कुणी मारलं, कशानं मारलं, ते डॉक्टरांना खरं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सासू शेजारी उभी असेल तर ‘मला एकटीला बोलायचंय’ म्हणा. पुढे कोर्टात हा कागद फार कामाला येतो.

मग संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली तुमची तक्रार लिहून घेणारे सरकारी अधिकारी. कर्नाटकात हे काम तालुक्याच्या सीडीपीओंकडे, म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आहे. ऑफिस माहीत नसेल तर गल्लीतल्या अंगणवाडी ताईंना विचारा. तिथे कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घरात काय काय घडलं त्याची सरकारी नोंद, भरतात. ‘नेहमी मारतो’ एवढंच सांगून भागत नाही. ‘गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री, जेवायला उशीर झाला म्हणून पट्ट्यानं मारलं, थोरली मुलगी तिथंच होती’ असं सांगा. तारीख आठवत नसेल तर सण सांगा, बाजाराचा वार सांगा. शिव्या, संशय, माहेरी बोलू न देणं, बिड्या वळून आणलेली मजुरी काढून घेणं, दागिने गहाण टाकणं हीसुद्धा कायद्यानं हिंसाच आहे. तीही लिहायला लावा. अहवाल कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बाईला आणि मुलाला सरकारतर्फे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 ला फोन करा. मराठी समजणारा वकील हवा, हेही स्पष्ट मागा. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो, मुलांचे दाखले जे हाताशी असेल ते न्या. काही घरात अडकलं असेल तरी अर्ज होतो.

अर्जात काय मागायचं, इथे बायका फार संकोचतात. सगळं मागा. मारहाण थांबवण्याचा आदेश, तुमच्या कामाच्या जागी आणि मुलांच्या शाळेत मारणाऱ्यानं येऊ नये असा आदेश, मुलांचा तात्पुरता ताबा, खर्चाला पैसे, दागिने परत. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी लग्नानंतर तुम्ही तिथे राहिला असाल तर राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये तसा निकाल दिला आहे. निकालाला वेळ लागेल म्हणून अंतरिम, म्हणजे तोपर्यंतचा तात्पुरता आदेश त्याच अर्जासोबत मागा. कायद्यानं पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडायला हवी. धोका मोठा असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही आदेश देता येतो.

मध्येच पंच बसतील, ‘एकदा संधी दे’ म्हणतील. नुसत्या तोंडी शब्दावर अर्ज मागे घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. समझोता करायचाच असेल तर तो कोर्टासमोर, लेखी.

आदेशाची प्रत तुम्हाला आणि पोलीस ठाण्याला फुकट मिळते. एक झेरॉक्स मुलांच्या शाळेत द्या, एक आई-भावाकडे ठेवा. त्यानं आदेश मोडला तर लगेच ठाण्यात कळवा. हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज फेटाळला गेला तर आदेशाची प्रत हातात आल्यापासून 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा. त्यासाठीही वकील मोफतच मिळतो.