कृत्रिम पायाचं माप द्यायला जाण्याआधी

गुडघ्याखाली पाय कापला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "जयपूर फूट कधी बसवायचा?" जखम भरून सूज उतरेपर्यंत मापाची घाई नको. तयारी मात्र पहिल्या दिवसापासून, आणि तिच्यात सगळ्यात आधी गुडघा. बरं वाटावं म्हणून कुणीतरी मायेनं स्टम्पखाली, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागाखाली, उशी सरकवतं. ती काढा. सतत वाकवून ठेवलेला गुडघा आखडतो आणि मग पाय नीट बसवता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं पालथं झोपायचं. खुर्चीत बसताना स्टम्प फळीवर सरळ ठेवायचा.

स्टम्पला बांधायला क्रेप बँडेज, म्हणजे ताणली जाणारी कापडी पट्टी, दोन आणा, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरं वापरता येतं. ते इंग्रजी आठच्या आकारात बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. नुसते गोल वेढे दिले तर टोक फुगतं. चार-पाच तासांनी सोडून पुन्हा बांधावं लागतं, त्यामुळे पेशंटनं स्वतःच शिकलेलं बरं. जखम भरल्यावर रोज साबणानं धुऊन, कोरडं करून, मागची बाजू हातआरशात पाहायची.

नसलेला अंगठा ठणकतो, तळव्याला खाज येते. हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत असते. साध्या वेदनाशामक गोळीनं हे दुखणं बऱ्याचदा हटत नाही, त्यासाठी गॅबापेंटिनसारखी नसांच्या दुखण्याची औषधं असतात, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन्ही पायांच्या मधे उभा आरसा धरून चांगला पाय हलवायचा आणि आरशात पाहायचं, यानंही काहींना आराम पडतो. खर्च नाही, करून पाहा.

झोपेतून उठताना पाय नाही हे विसरून माणूस सरळ उभा राहायला जातो आणि पडतो. म्हणून वॉकर पलंगाला लागूनच हवा, रात्री दिवा चालू. पायपुसणी उचला. संडासात कमोड आणि धरायला दांडा.

माप द्यायला मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत जा की पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात, सैल हाफ पँट घाला. डिस्चार्जचे कागद, साखरेचे रिपोर्ट, असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र घ्या. रोजच्या वापरातला बूटही न्या, कारण टाचेच्या उंचीवरून पाय जुळवतात. मधुमेह असेल तर दुसरा, चांगला पायही दाखवून घ्या. त्याला अनवाणी टेकवणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही.