शिट्टी खाली ठेवल्यावर स्वतः खेळायला कसे लागावे

मैदान, तरणतलाव, पंचायतीचा हॉल, उन्हाळी शिबिरे यांत इतरांना खेळवत तीस-पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाला व्यायामाचे महत्त्व सांगावे लागत नाही. त्याची अडचण वेगळीच असते. तो रोज मैदानावर होता खरा, पण खेळत होते दुसरेच. त्याने शिट्टी वाजवली, जाळी बांधली, उन्हात उभा राहिला. अशा उभे राहण्याने टाचा आणि कंबर दुखायला लागतात, दम वाढत नाही. म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या पोरांबरोबर फुटबॉलला उतरू नका. पोटरी दुखावते ती बहुधा अशाच एखाद्या अचानक धावेत.

आधी चाला. आठवड्यातले ५ दिवस, १५ मिनिटांपासून सुरुवात, आणि दर आठवड्याला ५ मिनिटांची भर घालत अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत घरी परता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतच राहते.

किनाऱ्यावर जाणार असाल तर ओहोटीला जा, ओली घट्ट वाळू तेव्हाच मिळते. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘रोज सहाला मिरामार’ (पणजीचा किनारा) हा बेत टिकत नाही. ज्या दिवसांत ओहोटी सकाळी येते ते दिवस वाळूला, बाकीचे रस्त्याला द्या. वाळू समुद्राकडे उतरती असते आणि एका पायावर जास्त भार येतो. जेवढे गेलात तेवढेच त्याच वाटेने परत या, म्हणजे तो भार दुसऱ्या पायावर जातो.

नुसत्या चालण्याने मांड्यांत बळ येत नाही. त्यासाठी आठवड्यातून ३ दिवस, एक दिवस सोडून, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून १० वेळा उठा-बसा. थोडे थांबून आणखी १० वेळा. बसताना मनात तीन मोजा. बहुतेकजण इथेच धपकन बसतात आणि अर्धा फायदा घालवतात. गुडघा कुरकुरत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. मग ओट्याला धरून १० वेळा टाचा उचला, आणि दाराच्या चौकटीजवळ एकेका पायावर १० सेकंद उभे राहा. श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

खरी कसोटी पावसाची. जूनपासून समुद्र बंद, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईपर्यंत सवय मोडलेली असते. देवळाचा सभामंडप २० मीटर लांब असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० वेळा चालले की एक किलोमीटर होतो. वळताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळा. पाय कोरडे करून अनवाणीच चाला, गुळगुळीत फरशीवर मोजेही घसरतात. चवथीच्या फुगडीला जरूर उभ्या राहा, पण रक्तदाबाची गोळी चालू असेल तर गरगर फिरणारी फुगडी टाळून टाळ्यांच्या संथ फेरात शिरा.

पाऊस ओसरला की सायकल काढा. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. शेतांमधला रस्ता सपाट आहे, चढ लागतो तो पिएदादच्या टेकडीला. धक्क्याचा उतार ओला असतो, तिथे सायकल हातात धरून चालत उतरा.

आता फोनचे. महिन्याभरात कोणीतरी विचारेलच, ‘सर, स्पर्धा तेवढी बघाल का?’ हो म्हणालात की हॉलची चावी, वर्गणीची वही आणि रुसलेले पालक, सगळे पुन्हा तुमच्याकडे येते. शिकवायचेच असेल तर आठवड्याला एकच वर्ग घ्या, ४५ मिनिटे, जास्तीत जास्त १२ माणसे. चावी आणि पैसे दुसऱ्याकडे ठेवा. सुरुवातीची १० मिनिटे अंग मोकळे करून घेण्याचे काम दर आठवड्याला वेगळ्या माणसाला द्या. दोन महिन्यांनी सांगून-सवरून एक आठवडा गैरहजर राहा. वर्ग भरला नाही तर काम वाटून घेण्यात कसर राहिली आहे, तेव्हा पुढच्या खेपेला हजेरी आणि साहित्यही दोघांत वाटून टाका.