आधी ओटा धरून, मग एका बोटाने: साठीनंतर पाठ आणि तोल सावरण्यासाठी

रोज सकाळी बागेत तीन-चार फेऱ्या मारणाऱ्या माणसाचाही न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल जातो. त्यात नवल नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाला फारसं काम पडत नाही. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं, ते सोडू नका. पण तोल सुधारायचा तर तो थोडा डळमळावा लागतो आणि डळमळला की पटकन धरायला हाताशी काहीतरी घट्ट असावं लागतं. स्वयंपाकघराचा ओटा त्यासाठी उत्तम. तो सरकत नाही आणि साधारण कमरेच्या उंचीला येतो. तेवढ्या वेळापुरता गॅस बंद ठेवा.

पोक आणि तोल हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. ते खांद्यांच्या पुढे आलं की सगळा भार पुढे सरकतो, गुडघे किंचित वाकलेले राहतात, नजर जमिनीला लागते आणि पावलं आखूड पडतात. मग एवढीशी ठेच लागली तरी सावरायला वेळ मिळत नाही.

सुरुवातीला आपण कुठे आहोत ते पाहा. घरातलं कोणीतरी शेजारी असू द्या. ओट्यापाशी अनवाणी उभे राहा, हात सोडा आणि पुढच्या चार स्थिती एकेक करून १०-१० सेकंद धरा. पहिली, दोन्ही पाऊलं जुळवून. दुसरी, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पावलाच्या मध्याला टेकवून. तिसरी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत. चौथी, एका पायावर. तिसरी स्थिती १० सेकंद टिकली नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. अडखळलात ती स्थिती ही तुमची सरावाची जागा. जमणाऱ्या स्थितीत तासभर उभं राहून काही मिळत नाही.

गेल्या वर्षभरात पडला असाल, उठताना घेरी येत असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत असं दोनदा बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर आधी त्यावर उपाय हवा.

पहिला व्यायाम पाठीचा. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून २-३ इंच पुढे. नितंब आणि पाठीचा वरचा भाग टेकू द्या. आता डोकं टेकवा, पण हनुवटी वर न करता. इथेच बहुतेकांची गफलत होते: डोकं टेकावं म्हणून नजर छताकडे जाते आणि मान मागे मोडते. डोकं टेकत नसेल तर मागे टॉवेलची घडी ठेवा. हनुवटी गळ्याकडे आत ओढा, ५ सेकंद थांबा, सोडा. असं ८-१० वेळा. काही महिन्यांनी घडी पातळ करता आली तर पाठ उघडते आहे. कंबर भिंतीपासून फार सुटत असेल तर पोट हलकेच आत घ्या.

दुसरा आणि सगळ्यात मोलाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठबस. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागे सरकते. लाकडी किंवा लोखंडी, बसायला १७-१८ इंच उंच, मागची बाजू भिंतीला टेकवलेली. पुढे सरकून बसा, पाऊलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पाठ न वाकवता कमरेतून इतकं पुढे झुका की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. मग टाचांवर जोर देऊन उठा. खाली येताना मनात तीनपर्यंत मोजत बसा. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया, कारण मांडीचे स्नायू सावकाश खाली येतानाही राबतात. पाऊलं फार पुढे राहिली तर कितीही जोर लावा, उठवत नाही. मग लोक झोका देऊन उठतात. गुडघे आत एकमेकांकडे पडत असतील तर ते बाहेर ठेवायची आठवण ठेवा. उठताना श्वास सोडा, कोंडू नका. ५ पासून सुरुवात करून १० वर जा, अशा दोन फेऱ्या. हाताशिवाय जमत नसेल तर मांडीवर हात टेका किंवा खुर्चीत घट्ट उशी घालून उंची वाढवा.

मग ओट्याकडे तोंड करून टाचा उचला, चवड्यांवर २ सेकंद थांबा, सावकाश खाली. १० वेळा. घोटा बाहेरच्या बाजूला कलू देऊ नका, भार अंगठ्याच्या मुळाशी हवा. त्यानंतर एकेक पाय सरळ बाजूला उचला, वीतभर पुरे. धड दुसरीकडे झुकलं की खुब्याचं काम कमरेने केलं असं समजा.

आता तोलाचा सराव. एका रेषेत पाऊलं ठेवून किंवा एका पायावर ३० सेकंदांपर्यंत उभं राहायचं. आधार मात्र पायरीपायरीने कमी करायचा: आधी दोन्ही तळवे ओट्यावर, मग एक तळवा, मग एक बोट, मग ओट्याच्या वर दोन इंच अधांतरी हात. बोटाने ओटा दाबावा लागत असेल तर अजून पुढची पायरी नको. नजर समोर, एखाद्या डब्यावर लावा. पायांकडे पाहिलं की मान वाकते. मग ओट्याच्या कडेने लादीच्या सांध्यावर टाच-अंगठा जोडत १० पावलं चाला. डोळे मिटून हे एकट्याने करू नका. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांचा तोल तर बराचसा डोळ्यांवरच चाललेला असतो.

गुळगुळीत सपाता आणि ओल्या फरशीवर यातलं काहीही नको. हाडं ठिसूळ असतील तर उभ्याने किंवा बसून पायाचे अंगठे धरायला पाठ वाकवू नका. मणका पुढून दबून चिरडू शकतो.

आठवड्यातून किमान ३ दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. स्नायू दुसऱ्या दिवशी दुखले तर चालेल. सांधा दुखला किंवा सुजला तर फेऱ्या निम्म्या करा. छातीत दुखलं, दम फार लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

महिन्याच्या पहिल्या तारखेला एक मोजणी करा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं ते घरच्या कोणाला तरी मोजायला सांगा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी जमत असेल तर पायांत ताकद कमी आहे. आकडा दिनदर्शिकेच्या त्या चौकटीतच लिहून ठेवा.