जूनमध्ये अमोनियाची बाटली उघडण्याआधी

विदर्भातली शाळा-कॉलेजं जूनच्या शेवटी उघडतात, आणि रसायनशास्त्राच्या लॅबचं कुलूपही बहुतेक ठिकाणी तेव्हाच निघतं. मधले सगळे दिवस खोली बंद, त्यात वर टिनाचं छप्पर असेल तर दुपारी आत काय होत असेल ते सांगायला नको. कपाटातल्या बहुतेक बाटल्या हे निमूट सोसतात. लिकर अमोनिया, म्हणजे पाण्यात विरघळवलेला तीव्र अमोनिया, सोसत नाही. नेहमी मिळणारं २५ टक्क्यांचं द्रावण ३८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, आणि अकोल्यात, ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. बूच घट्ट असेल तर वायूचा दाब आतच कोंडून राहतो. लेबलवर 'थंड जागी ठेवा' एवढं लिहून कंपनी मोकळी होते. आपल्याकडे तयारी थंड जागा शोधण्यापासूनच सुरू होते.

म्हणून पहिलं ठरवायचं ते दिवस आणि वेळ. पाऊस एकदा पडून गेला असेल, आभाळ असेल, तर उत्तम. नसेल तर सकाळी सातच्या आत. मुलं यायच्या आधी, आणि एकट्यानं नाही. शिक्षक आणि परिचर दोघंही हजर हवेत. लाइन आहे का ते आधी बघा, कारण एक्झॉस्ट फॅन बंद असताना हे काम खोलीत करायचंच नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका, त्यामुळे फॅन भिंतीत वरच्या बाजूला असेल तरच उपयोगाचा. कूलर लावला असेल तर त्याचा झोत टेबलावरून माणसांच्या तोंडावर येत नाही ना, हे तपासा. फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट, गावाकडच्या किती लॅबमध्ये असतो ते आपण जाणतोच. तो नसेल तर सरळ व्हरांड्यात टेबल टाका आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

बाटलीला हात लावण्याआधी पाणी. याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नळ आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाच्या दिवसांत दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि लाइन नसली की टाकी रिकामीही असू शकते. डोळ्यात थेंब गेला तर असलं पाणी मारणार का? आदल्या संध्याकाळी एक ड्रम स्वच्छ पाण्यानं भरून सावलीत, झाकून ठेवा आणि त्यावर पाणी काढायचा मग ठेवा. पंधरा मिनिटं अखंड धार धरायची तर वीस-पंचवीस लिटर पाणी सहज जातं, तेव्हा एका बादलीवर भागणार नाही. ड्रमपर्यंतची वाट मोकळी हवी; मधे स्टूल, मोडकी खुर्ची, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नकोत.

अंगावर सुती एप्रन, पायात बंद बूट, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. उन्हात आपण सगळेच तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, तेवढ्यावर इथे विसंबू नका. कापडानं धूळ अडते, हा वायू अडत नाही. कापडी किंवा धुळीचा मास्कही त्यातलाच. मोठी सांडलवंड आवरायची वेळ आली तर अमोनिया गाळणारं हिरव्या पट्ट्याचं काडतूस (फिल्टर) असलेला मास्क लागतो. तो नसेल तर आवरायला जायचं नाही, माणसं बाहेर काढायची.

आता बाटली. आधी नुसती बघा. बुचाभोवती पांढरी पूड साचली आहे का, प्लास्टिकची असेल तर फुगली आहे का, लेबल शाबूत आहे का. आमच्याकडचे एक परिचर दरवर्षी म्हणायचे, "काई नाई होत सर, इतक्या वर्सापासून असाच उघडून राह्यलो." भाऊ, होत नाही तोवर होत नाही. बाटली बादलीत बर्फाच्या पाण्यात उभी करून तासभर निवू द्या. लेबल भिजून सुटणार असेल तर त्यावर पारदर्शक टेप लावा. नाव नसलेल्या बाटलीइतकी त्रासदायक गोष्ट लॅबमध्ये दुसरी नाही. निवल्यावर बुचावर ओलं फडकं टाका, तोंड स्वतःपासून आणि दुसऱ्यापासून दूर धरा, आणि पाव आटा फिरवून थांबा. फुस्स असा आवाज येईल, तो पूर्ण बसू द्या, मगच पुढे फिरवा. काचेचं बूच अडकलं असेल तर ते ठोकू नका, तापवू तर मुळीच नका. ती बाटली तशीच बाजूला, ट्रेमध्ये, सावलीत ठेवा.

वास घेऊन 'जोर आहे का' बघायची सवय मोडा. नाक या वासाला लवकर सरावतं, आणि मग हवेत किती आहे ते कळेनासं होतं. दिवसभराच्या कामासाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दहा लाख भागांत २५ भाग आहे. ३०० भागांना जिवाला तत्काळ धोका मानतात. गळती शोधायला ओला लाल लिटमस पुरे, तो निळा होतो. लिटमस संपला असेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद ओला करून बुचाजवळ धरा, तो तांबूस होईल.

कपाटात शेजार कोणाचा आहे ते बघा. काचांवर पांढरट थर दिसला तर बहुधा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकाच कपाटात नांदतायत. दोघांच्या वाफा मिळून नवसागर बनतो आणि सगळीकडे बसतो. आणखी एक शेजारी खास आपल्याकडचा. टाकीत, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुष्कळदा लॅबच्याच स्टोअरमध्ये ठेवलेली असते. ती आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. पावडर दुसऱ्या खोलीत हलवा, त्याच दिवशी. अमोनिया खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, डोळ्यांच्या उंचीच्या खाली.

मुलांच्या टेबलावर तीव्र बाटली जाता कामा नये. सॉल्ट अॅनालिसिसच्या, म्हणजे क्षारातले घटक ओळखायच्या प्रयोगाच्या, तिसऱ्या गटाला सौम्य द्रावण पुरतं. दोन मोलर तीव्रतेचं एक लिटर करायला २५ टक्क्यांचं साधारण १५० मिली लागतं; आधी बहुतेक थंड पाणी घ्या, त्यात अमोनिया हळू सोडा, मग एक लिटरची खूण गाठा. तोंडानं पिपेट ओढायचं नाही, मेजरिंग सिलिंडर वापरा. ड्रॉपरच्या बाटल्यांवर नाव, तीव्रता, तारीख. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका. तहानलेलं पोर लेबल वाचत बसत नाही.

चांदीच्या आरशाचा प्रयोग बारावीच्या पोरांना फार आवडतो. त्यासाठीचं टॉलेन्सचं द्रावण (सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं) लागेल तेवढंच, परीक्षानळीत, त्या क्षणी करायचं. ते रात्रभर ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून उरलेलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून लगेच निकामी करा. आयोडीन आणि अमोनिया एकत्र करून 'फटाका' करायचे व्हिडिओ मुलं बघतात. आयोडीनची बाटली कुलपात.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं पाणी, मग दवाखाना. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, तूपही नाही. कातडीवर पडल्यास भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी. वाफ छातीत गेल्यास मोकळ्या हवेत न्या. खोकला किंवा छाती आवळल्यासारखं वाटलं तर 'बरं वाटतंय' म्हणणाऱ्यालाही डॉक्टरकडे न्या, दम्याच्या मुलाला तर आधी. पोटात गेल्यास तोंड खळखळून धुवा, उलटी करवू नका. खाली १०८ आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर. लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

प्रयोगातून उरलेलं नाल्यात ओतू नका, माशांना थोडा अमोनियाही मारक असतो. भरपूर पाणी घालून, किराण्यातलं लिंबूसत्व थोडं थोडं टाकून लिटमसवर उदासीन झालं की मगच सांडपाण्यात.

आणि मागणीपत्र भरताना अडीच लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून मागवू नका. पाचशे मिलीच्या दोन घ्या, दुसरी पहिली संपत आल्यावर फोडा, आणि एप्रिलमध्ये कुलूप लावायच्या आधी जेवढं उरलं असेल तेवढ्याचं सौम्य द्रावण करून ठेवा.